वापरलेल्या प्रायमरची डबी

काडतूस झाडल्यावर पितळी केस शाबूत राहते, तिच्या बुडातली प्रायमरची टोपी मात्र निकामी होते. केस पुन्हा भरण्यासाठी अमेरिकेतले हौशी नेमबाज रीलोडिंग प्रेसवर बारीक पिनने ती टोपी खाली ढकलतात आणि खरा वैताग तिथेच सुरू होतो. आरसीबीएस कंपनीच्या रॉक चकर प्रेसवर काही टोप्या खालची डबी चुकवून फरशीवर घरंगळतात. मग कुणी रॅमच्या, म्हणजे केस वर-खाली नेणाऱ्या दांड्याच्या, बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्या लावतो, कुणी थ्रीडी प्रिंटरवर खोल डबी बनवून चुंबकाने प्रेसच्या लोखंडी अंगाला चिकटवतो. ली कंपनीच्या क्लासिक कास्ट प्रेसमध्ये तर रॅमच पोकळ. टोपी आतल्या आत नळीत उतरते. सगळ्यात शहाणा उपाय हाच.

डबीला झाकण हवंच. बहुतेक प्रायमरच्या काजळीत शिसं असतं, त्यामुळे नंतर हात धुणं आलंच.

भंगार वितळवून सळया करणाऱ्या जालन्यात चुंबकाची गंमत कुणाला समजावायला नको: तो डबी धरतो, पितळी टोपी धरत नाही. अर्थात घरगुती प्रेसचा विचारही इथे नको. 1959च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो. महाराष्ट्रात छोट्या शस्त्रांची काडतुसं खडकी आणि वरणगावच्या सरकारी कारखान्यांत तयार होतात. खडकीचा कारखाना तर 1869चा.