नोकरीशोधाची खतावणी

सकाळी अकराच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन येतो. ‘अकाउंट्स एक्झिक्युटिव्हसाठी अप्लाय केलं होतं ना तुम्ही?’ इकडून उत्तर जातं, ‘हो हो... कुठली कंपनी म्हणालात?’ पलीकडे एचआरच्या बाईंसमोर नावांची लांबलचक यादी असते. त्या पुढच्या नावाकडे वळतात. उमेदवार मात्र म्हणतो, हल्ली मार्केटच थंड आहे.

पुण्यात टॅली, जीएसटी, टीडीएसचं दोन-तीन वर्षं काम केलेली, आता बदल शोधणारी बी.कॉम. मुलं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. कंपनीच्या पै-पैचा हिशेब ठेवणारी ही मंडळी स्वतःच्या अर्जांची साधी नोंद ठेवत नाहीत, याची मला गंमत वाटते.

शंभर पानी वही घ्या किंवा मोबाईलवर शीट उघडा. रकाने नेहमीचेच: तारीख, कंपनी, पद, ठिकाण, कोणता रेझ्युमे पाठवला, पगार किती सांगितला, कोणाशी बोलणं झालं. सगळ्यात शेवटी ‘पुढे काय आणि कधी’. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला की ती नोंद मेली म्हणून समजा. ‘सोमवारी मेलवर विचारणे’ एवढंही पुरतं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवायचा, कारण मुलाखतीला बोलावणं येईपर्यंत पोर्टलवरून ती जाहिरात उतरलेली असू शकते आणि कंपनीला नेमकं काय हवं होतं ते आठवत नाही. पगाराच्या रकान्यात सीटीसी सांगितला की हातात येणारी रक्कम, तेही लिहा. एकाच कंपनीत दोन फोनवर दोन आकडे गेले, की पुढचं बोलणं अवघड होतं.

कन्सल्टन्सीसाठी वेगळं पान ठेवावं. तुमचा रेझ्युमे दोन कन्सल्टन्सींनी एकाच कंपनीला पाठवला, तर कमिशन कोणाचं यावरून वाद होतो. अशा वेळी उमेदवारच नको, असं म्हणणाऱ्या कंपन्या आहेत. म्हणून कंपनीचं नाव कळल्याशिवाय ‘पाठवा’ म्हणू नका, आणि म्हटलंत की लगेच वहीत लिहा. नोंदणीसाठी किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी कोणी पैसे मागितले, तर ते नाव तिथल्या तिथे खोडावं.

नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवर एचआर शोध कसा घेतात, तेही माहीत असावं. कामाचे शब्द, अनुभवाची वर्षं, शहर, पगार, नोटीस पीरियड आणि उमेदवार अलीकडे कधी सक्रिय होता, अशा चाळण्या लावून ते यादी काढतात. तुमच्या प्रोफाइलवर नुसतं ‘अकाउंटिंग’ असेल आणि त्यांनी ‘जीएसटीआर-३बी’ टाकून शोधलं, तर तुम्ही यादीत येणारच नाही. नोटीस पीरियड तीन महिन्यांवरून एकावर आला असेल, तर तो त्याच दिवशी बदलावा. दिवसाला पन्नास ठिकाणी ‘अप्लाय’ दाबण्यापेक्षा जाहिरात वाचून, रेझ्युमेच्या वरच्या चार ओळी तिच्यानुसार बदलून केलेले तीन-चार अर्ज मला जास्त भरवशाचे वाटतात. पन्नासांची नोंद तशीही कोणी ठेवत नाही.

मग कॅलेंडर. ७ तारखेला टीडीएस भरायचा असतो. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ अकरा तारखेला आणि जीएसटीआर-३बी वीस तारखेला असतं. त्या दिवसांत अकाउंट्सचा मॅनेजर मुलाखती पुढे ढकलतो. तुम्ही स्वतः त्याच कामात आहात, तेव्हा हे कोणी शिकवायला नको. तरी १५ तारखेला उत्तर आलं नाही म्हणून मुलं हिरमुसतात. चौकशी २१ नंतर करावी. भोसरी-चाकणकडच्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते; तिथे गुरुवारी फोन लावून उपयोग नाही.

कागदपत्रांचं एकच फोल्डर हवं: मार्कशीट, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६. यूएएनमधली सर्व्हिस हिस्ट्री आजच काढून बघा. पडताळणीच्या वेळी रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा त्यावरून तपासतात. रेझ्युमेतल्या तारखा तिच्याशी जुळल्या पाहिजेत. आधीच्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेली नसेल, तर पीएफची शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाल्यावर ती पीएफच्या पोर्टलवर स्वतः भरता येते. हे काम ऑफर आल्यावर करायला बसलात तर धावपळ होते.

वेळेचं म्हणाल, तर सकाळचे दोन तास अर्जांना आणि फोनला द्यावेत. नोकरी सुटलेली असेल तर दुपारी एक्सेलचा किंवा मुलाखतीचा सराव, संध्याकाळी पोर्टल बंद. रात्री साडेअकराला अंथरुणात पडून स्क्रोल करणं म्हणजे शोध नव्हे. घरून रोज ‘काय झालं मग?’ विचारतात, त्यांना रविवारी वही दाखवा. वडिलांना ‘प्रयत्न चालू आहेत’ पटत नाही. चार कंपन्यांची नावं आणि पुढच्या तारखा पटतात.

ऑफर आली की वही कपाटात टाकायची घाई नको. तोंडी होकारावर राजीनामा देऊ नये; पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख असलेलं पत्र हातात पडू द्या. बाकी कंपन्यांना दोन ओळींचा मेल करून नोंदी बंद करा. कंपनीने राजीनामा स्वीकारल्याचा मेल फोल्डरमध्ये ठेवा. पडताळणी पूर्ण होऊन पहिला पगार जमा झाला, की मग वही मिटायला हरकत नाही.