स्वस्त निविदा, महागडा उजेड

देवीच्या दर्शनाला आणि तानसाकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांवर येणाऱ्या भाविकांमुळे वज्रेश्वरीसारख्या गावात रस्त्यावरचा उजेड ही चैन नसून गरज आहे. मात्र पथदिव्यांचे वीज देयक ग्रामपंचायतींना पेलवतेच असे नाही. २०२१ मध्ये थकबाकीपोटी महावितरणने राज्यातील अनेक गावांचे पथदिवे बंद केले होते. या ओझ्याचे एक मूळ खरेदीच्या निविदेत असते.

‘सर्वांत कमी दराच्या ठेकेदारालाच काम द्यावे लागते’ हा समज अर्धाच खरा आहे. आधी तांत्रिक लिफाफा उघडला जातो. त्यात पात्र ठरलेल्यांपैकीच न्यूनतम दर पाहिला जातो. म्हणजे दिव्याने किती वीज खावी, प्रकाश किती द्यावा, हमी किती वर्षांची असावी, हे निविदेत लिहिले तरच ते बंधनकारक ठरते.

उदाहरणादाखल शंभर दिव्यांचे काम घेऊ. पहिली निविदा ४५ वॉटच्या दिव्यांची, प्रत्येकी २,००० रुपयांची. दुसरी तेवढाच प्रकाश देणाऱ्या ३० वॉटच्या दिव्यांची, प्रत्येकी २,५०० रुपयांची. पहिलीत ५० हजार रुपये वाचतात. परंतु रोज ११ तास दिवे लागले, तर ती वर्षाला सुमारे ६,००० युनिट जादा वीज खाते. युनिटला सात रुपये धरले, तरी हा खर्च ४२ हजारांवर जातो. ‘बचत’ सव्वा वर्षातच संपते.

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ नुसार अधिसूचित विद्युत उपकरणे ठरावीक तारांकनाचीच घ्यावी लागतात. ऑक्टोबर २०२१ च्या केंद्रीय सूचनांनी बांधकामांतही विशिष्ट परिस्थितीत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भारांक देण्याची मुभा दिली. हे नियम केंद्रीय खात्यांसाठी आहेत. ग्रामपंचायतींची खरेदी राज्याच्या नियमांनी चालते. ऊर्जा संवर्धन इमारत संहिताही सर्वसाधारणपणे १०० किलोवॉट किंवा अधिक जोडभाराच्या इमारतींना लागू होते. गावचे कार्यालय वा भक्तनिवास सहसा त्या कक्षेत येत नाही.

त्यामुळे छोट्या कामांत अंदाजपत्रकातील तपशील हाच खरा नियम ठरतो. कार्यादेश निघाल्यानंतर तक्रार करून उपयोग नसतो. ग्रामसभेने निविदा निघण्यापूर्वीच विचारावे: दिवा कितीला, आणि तो पाच वर्षे जळण्याचा खर्च किती?