कोनावर उभा चौरस : लहानग्यांच्या आकार-ओळखीविषयीचे गैरसमज

दोन-अडीच वर्षांच्या मुलाने चित्रावर बोट ठेवून 'त्रिकोण' म्हटले की त्याला त्रिकोण समजला, हा बालशिक्षणातील बहुधा सर्वांत चिवट गैरसमज होय. वस्तुतः नाव उच्चारणे आणि आकार समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिएर व्हॅन हील आणि दिना व्हॅन हील-गेल्डोफ या डच शिक्षक दाम्पत्याने 1957 मध्ये उट्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधांतून भूमितीय विचाराच्या पायऱ्या मांडल्या. त्यांच्या मते मूल आधी आकृतीला तिच्या एकंदर रूपावरून ओळखते, म्हणजे दारासारखा दिसतो तो आयत, आणि बाजू किती, कोन कसे या गुणधर्मांचा विचार त्यानंतरच्या पायरीवर सुरू होतो.

यातूनच दुसरा गैरसमज पोसला जातो, तो म्हणजे आकाराचे एक सुबक चित्र वारंवार दाखविले की पुरे. तक्त्यावरचा त्रिकोण बहुधा तिन्ही बाजू सारख्या असलेला आणि पायावर नीट बसलेला असतो, त्यामुळे निमुळता, बसका किंवा टोकावर उभा त्रिकोण मुलाच्या लेखी त्रिकोणच राहत नाही. डग्लस क्लेमेंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात 3 ते 6 वर्षांची मुले वर्तुळ जवळजवळ अचूक ओळखत होती, मात्र त्रिकोणाच्या बाबतीत अचूकतेचे प्रमाण सुमारे 60 टक्के होते. मकरसंक्रांतीला नागपूरच्या धंतोली भागातील गच्च्यांवरून उडणारा पतंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याचा कागद जवळजवळ चौरस असतो, पण तो कोनावर उभा असल्याने पत्त्यांतल्या 'चौकट'सारखा भासतो, आणि घरातली मोठी माणसेही त्याला चौरस म्हणायला कचरतात. पतंगाचा कागद जमिनीवर ठेवून मुलासमोर हळूहळू फिरविला की आकार तोच राहिला, फक्त त्याची ठेवण बदलली, हे शब्दांवाचून दिसते.

मराठी घरांत या गोंधळात भाषेचीही भर पडते. पोळी गोल, संत्रे गोल आणि धंतोलीपासून फार दूर नसलेल्या दीक्षाभूमीच्या स्तूपाचा घुमटही गोलच, असे एकाच शब्दात वर्तुळ, गोल आणि अर्धगोल सामावतात. 'चौकोन' हा शब्द तर चार बाजूंच्या कोणत्याही आकृतीचा असूनही घरोघरी चौरसापुरता वापरला जातो. तान्ह्या वयात हे शब्द काटेकोरपणे शिकवावेत असे नव्हे (तो हट्ट उलट अपायकारकच ठरावा), परंतु मोठ्यांनी स्वतः योग्य शब्द सहज वापरायला हरकत नाही.

त्यासाठी स्वयंपाकघराइतकी उत्तम कार्यशाळा नाही. कणकेचा गोळा हा घन आकार, पोळपाटावर तो लाटला की सपाट वर्तुळ होते, म्हणजे एकाच वस्तूतून मुलाच्या हाताखाली दोन आकार घडतात. शंकरपाळ्यांसाठी लाटलेल्या पोळीच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या पाडून त्यांना तेवढ्याच अंतराने काटकोनात आडवे छेद दिले तर चौरस मिळतात आणि छेद तिरपे दिले तर चारही बाजू सारख्या पण कोन बदललेले तुकडे, ज्यांना भूमितीत समभुज चौकोन म्हणतात, ते मिळतात. सुरी अर्थातच मोठ्यांच्या हाती राहते, तुकडे निवडणे आणि लावणे मुलाकडे.

मूल खेळते आहे तर आपोआप शिकेल, ही समजूतही अर्धीच खरी आहे. केली फिशर आणि सहकाऱ्यांच्या 2013 मधील प्रयोगात 4-5 वर्षांच्या मुलांचे तीन गट केले होते. मार्गदर्शित खेळात, म्हणजे मुलाने शोध घ्यावा आणि मोठ्याने प्रश्नांनी त्याला दिशा द्यावी अशा खेळात, मुलांनी आकारांचे गुणधर्म अधिक आत्मसात केले; नुसते सांगून शिकविलेला गट आणि मोकळ्या खेळाचा गट त्यांच्या मागे राहिले. प्रयोगातील मुले दोन-अडीच वर्षांच्या बाळांहून मोठी होती हे खरे, तरी घरच्या खेळाला त्यातून दिशा मिळते. नागपूरकरांना याचे साधन तान्हा पोळ्याने दिलेच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले चाके लावलेला लाकडी बैल ओढीत दारोदार नेतात. घरी पुठ्ठ्याचा तसाच बैल करून एकदा गोल आणि एकदा चौकोनी चाके लावली आणि 'आता हा चालेल का?' एवढेच विचारले, तर वर्तुळ घरंगळते आणि चौकोन अडखळतो हे मूल ओढूनच पाहते.

त्रिकोण काढता येत नाही म्हणून मूल मागे आहे, हा निष्कर्षही घाईचा ठरतो, कारण साधारणपणे वर्तुळ तिसऱ्या, चौरस चौथ्या आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आसपास रेखाटता येतो. ओळख हाताच्या पुढे असते. महागड्या साहित्याचा आग्रहही तसाच निराधार आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कार्यात परिसरातील पाने, बिया, शंख-शिंपले हेच साहित्य होते. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती मात्र मणी, चिंचोके, गोट्या देऊ नयेत, कारण सुमारे 32 मिलिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावणारी वस्तू या वयात घशात अडकण्याचा धोका असतो.