शिवणयंत्राकडे परतताना

एकदा अंगवळणी पडलेले शिवणकाम पुरते विसरले जात नाही, हे खरे असले, तरी दहा-पंधरा वर्षांच्या खंडानंतर शिवणयंत्रापुढे बसणाऱ्याच्या मनातील संकोचही तितकाच खरा असतो. शाळेत अथवा एखाद्या शिवणवर्गात झबल्यापासून पोलक्यापर्यंतचा अभ्यासक्रम ज्यांनी मन लावून पुरा केला, त्यांच्याही हातून संसार, नोकरी आणि बाजारातील तयार कपड्यांची मुबलकता या कारणांनी यंत्र सुटते. आणि मुले मोठी झाल्यावर किंवा नोकरीची मुदत संपल्यावर जेव्हा त्यावरचे आच्छादन दूर होते, तेव्हा बहुतेकींचा पहिला बेत स्वतःचे पोलके शिवण्याचा असतो. निराशेचे मूळ नेमके तेथेच आहे. टक्स, बाहीचा गोल, गळा आणि अंगाला चपखल बसणारे माप अशी शिवणकलेतील सारी अवघड कामे पोलक्यात एकवटलेली असतात. म्हणून यंत्राकडे परतणाऱ्याने आरंभ सरळ टिपेच्या आणि घरात नित्य वापरल्या जाणाऱ्या वस्तूंपासूनच करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

या यंत्राची थोरवी साधी नाही. एलियस हाऊ याने १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये अमेरिकेत आपापल्या शिवणयंत्रांचे पेटंट घेतले. आपल्या देशात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३० नंतरच्या दशकात ‘उषा’ यंत्रांची निर्मिती हाती घेतली आणि पुढे ही काळी, पायाने चालणारी यंत्रे मध्यमवर्गीय घरांत स्थिरावली. यंत्रयुगाविषयी कठोर भूमिका घेणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मधील एका संभाषणात सिंगरच्या यंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली होती, कारण त्याच्या जन्मामागे पत्नीचे श्रम वाचविण्याची प्रेमभावना आहे, अशी त्यांची धारणा होती.

दीर्घकाळ बंद असलेल्या यंत्रावर एकदम कापड ठेवू नये. सुईखालची पट्टी काढून दात्यांमध्ये साचलेला कापसाचा मळ ब्रशाने झाडावा, तेलाच्या प्रत्येक छिद्रात शिवणयंत्राचेच तेल एक-दोन थेंब सोडावे, आणि निरुपयोगी चिंधीवर काही वेळ यंत्र चालवून जादा तेल निघून जाऊ द्यावे. खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल कदापि घालू नये. ते कालांतराने चिकट होऊन यंत्राचे सांधे जखडून टाकते. पायडलची चामडी वादी सैल झाली असल्यास थोडी कापून पुन्हा जोडावी. जुनी सुई बोथट अथवा गंजलेली असण्याचाच संभव अधिक, सबब नवी सुई लावावी: साध्या सुती कापडाला १४ क्रमांकाची, मलमलीसारख्या तलम कापडाला ११ ची आणि जाड कापडाला १६ ची. सुईच्या अंगावर ज्या बाजूस लांब खोबण असते, त्याच बाजूने दोरा ओवावयाचा असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी टाके सुटण्याच्या पुष्कळ तक्रारी उद्भवत नाहीत.

हातापेक्षा पायांची सवय अधिक मोडलेली असते. चाकाच्या मध्यावरील स्क्रू सैल केला म्हणजे सुई स्थिर राहते आणि चाक तेवढे फिरते. अशा स्थितीत दोन्ही पावले पायडलवर ठेवून, चाकाचा वरचा भाग सतत आपल्याकडे येईल अशा एकसारख्या लयीत ते चालवीत राहावे. चाक उलटे फिरले की दोरा गुंतलाच म्हणून समजावे. ही लय साधल्यावर स्क्रू आवळून, बिनदोऱ्याच्या जुन्या सुईने वहीच्या कागदावरील रेघांवरून टीप मारावी. कागदावर पडलेली छिद्रे रेघेला किती धरून आहेत, हे पाहिले की आपला हात कोठवर आला याची खातरजमा होते.

कापडावरचा पहिला प्रयोग म्हणून सुती कापडाचे चौकोनी हातरुमाल शिवावेत. त्यात चार सरळ टिपा आणि चार कोपरे एवढाच ऐवज असतो. कोपऱ्यावर सुई कापडात रुतलेली ठेवून, वरचा पाय उचलून कापड फिरवायचे, ही क्रिया तेथे पक्की होते. त्यानंतरची सर्वांत फलदायी वस्तू म्हणजे उशीचा अभ्रा, आणि तिचा तपशील सविस्तर देण्याजोगा आहे.

उशी १६ इंच रुंद व २६ इंच लांब आहे असे धरू. ३६ इंच पन्ह्याचे पावणेदोन मीटर सुती कापड आणून, ते आधी भिजवून, वाळवून इस्त्री करावे, म्हणजे जे आकसायचे ते कापण्यापूर्वीच आकसते. त्यातून १७ इंच रुंद व ६० इंच लांब अशा दोन पट्ट्या कापाव्यात. दोन अभ्रे एकदम होतात. पट्टीच्या दोन्ही आखूड कडा उलट बाजूस प्रथम पाव इंच आणि मग पाऊण इंच दुमडून टीप मारावी, म्हणजे ५८ इंच लांबी उरते. आता सुलट बाजू वर ठेवून पट्टी पसरावी, एका टोकाकडून २६ इंच भाग दुमडून आणावा, आणि दुसऱ्या टोकाची उरलेली सहा इंचांची झडप त्याच्यावर दुमडावी. दोन्ही लांब बाजूंना अर्ध्या इंचावर टीप मारून, आरंभी व शेवटी उलटी टीप घेऊन शिवण पक्की केली आणि अभ्रा सुलटा केला, की तीच झडप आत जाऊन उशीचे तोंड झाकते. बटण नको, काजे नको, नाडीही नको. टीप क्वचित तिरकी गेली तरी ती आतल्या बाजूस राहते, आणि वापरात काहीच उणे येत नाही.

तिसरी वस्तू बाजाराची पिशवी. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी असल्याने तिची निकड प्रत्येक घरास आहे, आणि जुन्या चादरीचा अथवा मांजरपाटाचा याहून चांगला विनियोग नाही. येथे शिकावयाची ती मजबुती: प्रथम कापडाच्या सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर टीप मारावी, मग पिशवी उलटून त्याच कडेवर थोड्या अधिक अंतराने दुसरी टीप मारावी, म्हणजे कच्च्या कडा दोन टिपांमध्ये बंद होऊन धागे सुटत नाहीत. बंद जोडताना टोकावर चौकोन शिवून त्याच्या आत फुली घालावी. पाच किलो बटाट्यांचा भार त्या फुलीच्या भरवशावरच तरतो.

पुढची पायरी लहान मुलीचा परकर. काठाच्या जुन्या साडीतून तो काढला तर खालचा काठ आयताच मिळतो. बाजूची शिवण, नाडीसाठी नेफा आणि नाडी ओढली की आपोआप पडणाऱ्या चुण्या एवढ्यात वस्त्र पुरे होते. त्यानंतर झबले घ्यावे. कारण उरेब पट्टी लावून गोल गळा वळवणे तेथे प्रथम येते, आणि बाळाच्या सैल कपड्यात मापाची अर्ध्या इंचाची तफावत खपून जाते.

या वाटेवर बहुतेकांना एकच अडचण हमखास भेटते: कापडाच्या खालच्या बाजूस दोऱ्याची जाळी होणे. बॉबिनला दोष देण्याआधी वरचा दोरा काढून, यंत्राचा पाय वर उचलून, तो क्रमवार पुन्हा ओवावा. ताणाच्या दोन चकत्यांमध्ये दोरा नीट बसलेला नसतो, हेच बहुधा कारण निघते. वरचा आणि खालचा असे दोन्ही दोरे कापडाच्या मध्यभागी एकमेकांत अडकावेत, हा या यंत्राचा सारा न्याय आहे, आणि तो एकदा समजला म्हणजे ताणाचा स्क्रू कोणत्या बाजूस फिरवावा याचा निवाडा स्वतःलाच करता येतो.

एवढा क्रम पुरा झाल्यावर पोलक्याला जरूर हात घालावा. परंतु त्याआधीच घरात एक इष्ट बदल झालेला दिसेल: उसवलेली शिवण, लांब झालेला पायजमा, फाटलेली चादर या गोष्टी शिंप्याकडे नेण्याची किंवा टाकून देण्याची वाट न पाहता त्याच सायंकाळी यंत्राखाली येऊ लागतील. नव्या वस्तूंइतकीच ही दुरुस्तीही मोलाची आहे, कारण हात खरोखर परतल्याची ती निर्विवाद साक्ष आहे.