बी पेरा, पण पुरू नका!

दोस्तांनो, पेटुनियाचं बी पाहिलंय कधी? मोहरीचा दाणा त्याच्यापुढे पहिलवान! १ ग्रॅममध्ये सुमारे १०,००० बिया मावतात. बरेच जण मेथीसारखी त्यावर माती लोटतात आणि काहीच उगवलं नाही की दुकानदाराला बोल लावतात. अहो, या बीला उगवायला उजेड लागतो!

पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात पसरट कुंडीत चाळलेली माती आणि कुजलेलं शेणखत भरा. चिमूटभर बी कोरड्या बारीक रेतीत मिसळून वर भुरभुरा, तळहाताने हलकेच दाबा. बस्स! झारी मात्र लांब ठेवा, नाहीतर बिया वाहून जातील. कुंडीच पाण्याच्या परातीत ठेवा, माती खालून पाणी ओढून घेते. वर काच झाका. कुंडी उजेडात हवी, कडक उन्हात नको.

८-१० दिवसांत हिरवे ठिपके दिसले की काच काढा. कोंदट दमटपणात रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. चार-सहा पानं आली की रोपं कुंडीत किंवा वाफ्यात वीतभर अंतरावर लावा. पानं चिकट लागतील, घाबरू नका. पेटुनिया तंबाखू-टोमॅटोच्या कुळातली! रोप बोटभर वाढलं की शेंडा खुडा. जिवावर येतं खरं, पण त्याने फांद्या जास्त फुटतात, आणि फांद्या जास्त तर फुलंही जास्त.