पावलाची खबर देणारा पट्टा

अर्धांगवायूतून सावरलेला रोगी पुन्हा चालू लागतो, पण पुष्कळदा त्याचे पाऊल लोंबते. टाचेऐवजी चवडा आधी टेकतो आणि तो अडखळून पडतो. फिजिओथेरपिस्ट समोर असेपर्यंत "टाच आधी" अशी आठवण करून देतात. घरी ती कोणी द्यायची? हे काम अंगावर बांधायच्या यंत्राकडे सोपवता येते. कल्पना जुनीच आहे. १९६१ साली लिबरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्याच्या बुटात टाचेखाली स्विच बसवला. टाच उचलली की पायाच्या नसेला विजेचे सौम्य स्पंदन मिळे व पाऊल वर उचलले जाई.

टाचेखाली दाब-संवेदक ठेवायचा तर बूट हवा, आणि आपण तर घरात अनवाणी वावरतो! म्हणून पावलाच्या वरच्या बाजूस बांधायचा पट्टा मला अधिक सोयीचा वाटतो. त्यातील जायरोस्कोपची चिप पाऊल किती वेगाने वळते ते मोजते. त्याची बेरीज करीत गेले की टेकताना चवडा वर होता की खाली, ते कळते. मात्र प्रत्येक मोजणीतली बारीक चूकही बेरजेत साचते व काही मिनिटांत हिशेब भरकटतो. यावर तोड पावलातच आहे. दर पावलागणिक तळवा क्षणभर जमिनीवर स्थिर असतो; तेवढ्यात हिशेब पुन्हा शून्यावर आणायचा.

खरी कसोटी पुढेच आहे. मिनिटाला १०० पावले धरली तर एका पावलाला ०.६ सेकंदच मिळतात. म्हणून निर्णय पट्ट्यातच व्हावा. मोबाईलकडे विचारणा करून उत्तर येण्यात उशीर होऊ शकतो. इशारा देणारी थरथरती मोटार चिपजवळ नको, नाहीतर चिप तिचीच थरथर मोजू लागते. ती दुबळ्या बाजूलाही नको. अर्धांगात त्या बाजूची संवेदना अनेकदा मंदावलेली असते, म्हणून मोटार धडधाकट हाताच्या मनगटावर बांधावी. शिवाय इशारा चुकलेल्या पावलालाच द्यावा आणि तोही हळूहळू कमी करीत न्यावा. सतत इशारे मिळाले की रोगी पट्ट्याच्या भरवशावर चालतो, पट्टा सुटला की पाऊल पुन्हा लोंबते.

आणि बक्कल? ते मुळीच नको. रोग्याचा बहुधा एकच हात चालतो; कडीतून ओवून ओढता येईल अशी वेल्क्रोची पट्टी बसवावी.