लॅमिंग्टन रोडवरचे दोन लॅपटॉप

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की लॅमिंग्टन रोड जवळच आहे. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, पण रॅम, केबल, चार्जर शोधत आलेलं माणूस पत्ता विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणतं. रस्त्यालगतच्या दुकानांत नवा माल. वरच्या मजल्यांवर, अरुंद जिना चढून गेलं की रिफर्बिश्ड लॅपटॉपवाले. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी शेकड्यांनी लॅपटॉप भाड्याने घेतात, तीन-चार वर्षांनी करार संपला की परत करतात, आणि ते लॉटमध्ये विकले जाऊन अशा दुकानांपर्यंत पोचतात. तिथे ते पुसले जातात, एखादी कळ नाहीतर बॅटरी बदलली जाते, आणि ‘ए ग्रेड’, ‘बी ग्रेड’ असे वेगळे लावले जातात. हा ग्रेड बाहेरच्या ओरखड्यांवरून ठरतो. आतल्या तब्येतीशी त्याचा संबंध असतोच असं नाही.

माझी भाची बी.एस्सी. आयटीच्या पहिल्या वर्षाला आहे, कल्याणहून रोज फोर्टातल्या कॉलेजात जाते. बजेट ४०,००० रुपये, त्यातले अर्धे तिच्या आईच्या भिशीचे. तिच्यासाठी गेलो त्या दुकानाच्या काउंटरवर दोन लॅपटॉप समोरासमोर उघडे ठेवले होते. एक कोरा करकरीत, १५.६ इंची, चंदेरी, रायझन ५ ७५२०यू प्रोसेसरचा, ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी. किंमत बजेटच्या अगदी काठावर. दुसरा काळा, १४ इंची थिंकपॅड टी४८०, इंटेल कोअर आय५ आठव्या जनरेशनचा, रॅम तेवढीच, एसएसडी निम्मी. किंमत पहिल्याच्या निम्म्याहून थोडी जास्त.

दुकानातला मुलगा तिला म्हणाला, “ताई, हा नवाच घ्या. सील पॅक मिळेल, कंपनीची एक वर्ष वॉरंटी. तो पण मजबूत आहे, पण जुना तो जुनाच.”

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. फक्त नवा म्हणजे नेमकं काय नवं, हे आधी पाहायला हवं होतं. एएमडीने २०२३च्या मॉडेलांपासून लॅपटॉपच्या प्रोसेसरना चार आकडी नंबर द्यायची एक पद्धत ठरवली. पहिला आकडा वर्षाचा. गिऱ्हाईक तोच पाहतं. तिसरा आकडा आतली रचना कोणत्या पिढीची आहे ते सांगतो. ७५२०यू मधला तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, म्हणजे २०१९ साली बाजारात आलेली रचना. शेजारच्या कपाटातल्या थोड्या महाग लॅपटॉपवर ७५३०यू लिहिलं होतं. एका आकड्याचा फरक, पण तो झेन ३ आणि चारच्या जागी सहा कोअर. दोन्हींवर स्टिकर मात्र सारखंच, रायझन ५.

टी४८० हा २०१८चा. त्याच्या आय५ प्रोसेसरमध्येही चार कोअर, आठ थ्रेड. नव्यातही चार कोअर, आठ थ्रेड. भाचीने दोन्हींवर टास्क मॅनेजर उघडून हे स्वतः पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “मामा, मग पाच वर्षांत सुधारलं काय?” सुधारणा आहेच. नव्याचा वेग ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, तो कमी विजेत तेवढंच काम करतो, कमी तापतो, आणि एव्ही१ प्रकारचे व्हिडिओ त्याची ग्राफिक्स चिप परस्पर हाताळते. जुन्याला ते प्रोसेसरवर ओढत न्यावे लागतात. पण पायथॉनचा प्रोग्रॅम लिहिणं, मायएसक्यूएलवर क्वेरी चालवणं, जर्नल टाइप करणं, वर्गाची पीडीएफ वाचणं या तिच्या रोजच्या कामांत हा फरक जाणवावा इतका मोठा नाही. फरक जाणवला तो रॅमपाशी.

मी तिला दोन्हींवर तिचा नेहमीचा दिवस उघडायला सांगितला. ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब, त्यातल्या एकात व्हिडिओ कॉल, बाजूला व्हीएस कोड, एक जाडजूड पीडीएफ आणि एक्सेल. दोन्हींवर मेमरीचा मीटर नव्वद टक्क्यांच्या आसपास गेला आणि टॅब बदलताना पडदा क्षणभर अडखळू लागला. पुढच्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर येईल. त्याला १६ जीबी लागतेच असं धरून चालावं. नव्याच्या ८ जीबीतला काही भाग ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेला असल्याने पूर्ण ८ जीबी हातीही येत नाही. आणि ७५२०यू हा प्रोसेसर फक्त एलपीडीडीआर५ मेमरी घेतो, जी मदरबोर्डला कायमची डकवलेली असते.

दुकानातल्या मुलाने विचारल्याबरोबर सरळ सांगितलं, “रॅम ऑनबोर्ड आहे, स्लॉट नाही.”

माझ्या मते या किमतीच्या लॅपटॉपांत पहिला प्रश्न हाच असायला हवा, आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत त्याचं उत्तर क्वचितच मिळतं. टी४८०ला रॅमचे दोन स्लॉट आहेत. त्यातल्या एकात ८ची पट्टी होती, दुसरा रिकामा. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘दोनपैकी एक स्लॉट वापरात’ असं दिसतं. कुठल्याही दुकानात, कुठल्याही लॅपटॉपवर ते पान एकदा उघडून पाहावं. दुसरी पट्टी बसवली की नुसती रॅम दुप्पट होत नाही, दोन्ही वाटांनी मजकूर जाऊ-येऊ लागल्यामुळे आतल्या ग्राफिक्सलाही थोडा जोर येतो.

मग पडदे. नवा मोठा, म्हणून पहिल्या नजरेत त्याने बाजी मारली. माहितीपत्रकात २५० निट्स आणि ४५ टक्के एनटीएससी असं होतं. निट्स म्हणजे उजेड, दुसरा आकडा रंगांचा. ४५ टक्क्यांच्या पडद्यावर लाल रंग केशरीकडे झुकतो, कातडीचे रंग फिके पडतात. आयटीच्या विद्यार्थिनीला हे चालून जाईल, फाइन आर्टच्या मुलाला चालणार नाही. टी४८०च्या बाबतीत धोका वेगळा. हे मॉडेल १३६६ बाय ७६८ पिक्सेलच्या साध्या पडद्यातही निघालं होतं आणि फुल एचडी आयपीएसमध्येही. बंद असताना दोन्ही सारखेच दिसतात. आम्ही एक मराठी पीडीएफ उघडली, कारण मराठी मजकूर पडद्याची परीक्षा इंग्रजीपेक्षा कडक घेतो. साध्या पडद्यावर लहान टायपातली जोडाक्षरं एकमेकांत घुसतात, रफार आणि अनुस्वार एक होतात. या पडद्यावर सगळं स्वच्छ वाचता येत होतं. सेटिंगमध्ये पाहिलं, १९२० बाय १०८०. नंतर पूर्ण पांढरं पान लावून पिवळे डाग शोधले, पूर्ण काळं लावून कडेने उजेड झिरपतो का ते पाहिलं. खालच्या कोपऱ्यात दाबाचा एक पुसट ठिपका सापडला. तो दाखवल्यावर किंमत थोडी खाली आली.

कीबोर्डाला मी मुद्दाम वेळ दिला. विद्यार्थी तीन वर्षांत सगळ्यात जास्त वापरतो ती वस्तू हीच, आणि दुकानात तिच्यावर कोणी दहा शब्दसुद्धा टाइप करून पाहत नाही. भाचीने दोन्हींवर तिच्या जर्नलचं एकेक पान टाइप केलं. नव्याला उजवीकडे आकड्यांची वेगळी पट्टी होती, त्यामुळे मुख्य कळा डावीकडे सरकलेल्या आणि मनगट तिरकं ठेवावं लागत होतं. मधोमध दाबलं की कळांखालची पत्र्यासारखी पातळ पाटी आत जायची. टी४८०च्या कळा खोल आणि ठाम होत्या. त्याच्या कीबोर्डाखाली सांडलेलं पाणी बाहेर काढून देणाऱ्या वाटाही असतात. वर्गात बाकावर पाण्याची बाटली शेजारी ठेवूनच काम चालतं, तेव्हा ही सोय चैनीची नाही. अकाउंटन्सीच्या विद्यार्थ्याला मात्र आकड्यांच्या पट्टीसाठी मी पहिलाच घे म्हणालो असतो. टॅलीत दिवसभर नोंदी भरताना ती पट्टी हात वाचवते.

उघडा लॅपटॉप एका कोपऱ्याने उचलला की त्याचा सांगाडा कळतो. नवा किंचित पिळला गेला, बिजागरीपाशी करकर ऐकू आली. सकाळच्या कल्याण लोकलमध्ये बॅग छातीशी धरून, चारी बाजूंनी दाब सोसत जायचं, तेव्हा झाकण किती वाकतं याला महत्त्व आहे. वजन दोन्हींचं साधारण सारखंच, दीड किलोच्या थोडं वर.

बॅटरीचा हिशोब नव्याच्या बाजूने लागला. तिच्यावर ४२ वॅट-अवर लिहिलेलं. हलक्या कामाला लॅपटॉप तासाला सहा-सात वॅट-अवर खातो असं धरलं तर सहा तास. टी४८०ला दोन बॅटऱ्या असतात, एक आत, एक मागून काढता येणारी. विंडोजमध्ये पॉवरसीएफजीची एक ओळ टाइप केली की बॅटरीचा अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता शेजारीशेजारी असतात. आतली २४ची १७वर आली होती, मागची २४ची १३वर. मिळून ३०, म्हणजे जेमतेम साडेचार तास. पण मागची बॅटरी हाताने निघते आणि तिथे ४८ किंवा ७२ वॅट-अवरची मोठी बसते. लॅपटॉप मागून थोडा उचलला जातो, वजन वाढतं, पण ४८ची नवी घातली तर हिशोब नऊ तासांच्या पुढे जातो. आत बॅटरी असल्यामुळे लॅपटॉप बंद न करताही मागची बदलता येते.

जुना घेताना तीन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असं मी तिला आधीपासून सांगत होतो. सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये जायचं. तिथे पासवर्ड मागितला तर लॅपटॉप तिथेच ठेवून उठायचं, कारण जुन्या कंपनीचा सुपरवायझर पासवर्ड सहजासहजी निघत नाही. विंडोज पहिल्यासारखं कोरं करून वाय-फायला जोडायचं. पडद्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथला ईमेल मागितला, तर त्या कंपनीच्या यादीतून हा लॅपटॉप अजून सुटलेला नाही. आणि प्रोसेसर आठव्या जनरेशनचा किंवा त्याच्या अलीकडचा हवा. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११साठी इंटेलच्या जवळपास सगळ्या प्रोसेसरांची मर्यादा आठव्या जनरेशनपाशी सुरू होते. याच कारणाने सहाव्या-सातव्या जनरेशनचे लॅपटॉप आता फार स्वस्त दिसतात. गावाकडे नातेवाइकांना ते ‘आय७ आहे’ म्हणून विकले जातात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. आय७ हे नाव तिथे काही उपयोगाचं नाही, त्या नावापुढे लिहिलेली जनरेशन पाहायला हवी.

एसएसडीही क्रिस्टलडिस्कइन्फोवर पाहिली. किती तास चालली आणि तब्येत किती टक्के ते कळतं. तब्येत चांगली होती.

भाचीने टी४८० निवडला. वाचलेल्या पैशांत ८ जीबीची दुसरी पट्टी आणि मागची ४८ची बॅटरी बसवली, तरी आठ-नऊ हजार शिल्लक राहिले. ते आईला परत द्यायचे असं तिनेच ठरवलं. पट्टी काउंटरवरच बसली, खालचं झाकण उघडायला काही स्क्रू, मुलाला दहा मिनिटंही लागली नाहीत. आम्ही जीएसटीचं पक्कं बिल मागितलं आणि त्यावर लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहून घेतला. सीरियल नंबर नसलेलं बिल वॉरंटीच्या वेळी कुचकामी ठरतं. दुकानाची वॉरंटी तीन महिन्यांची. त्या काळात तिने तो तापेल इतका वापरायचा, सगळे पोर्ट एकदा तरी लावून पाहायचे, झोपवून उठवायचा, कॅमेरा आणि माइकवर वर्ग करायचे, असं ठरलं. बिघडलाच तर कल्याणहून लॅमिंग्टन रोड दीड तासांवर आहे.

तिच्या चिपळूणच्या मैत्रिणीने फोनवर हेच बजेट सांगून सल्ला विचारला, तेव्हा मी तिला जुना घे म्हणालो नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानाची वॉरंटी चिपळूणला वापरता येत नाही, आणि सेमिस्टरच्या मध्यात लॅपटॉप बंद पडला तर एक सुट्टी पुरणार नाही. तिला नवाच घ्यायला सांगितलं, पण ७५२०यू सोडून. रॅमचा एक तरी स्लॉट रिकामा असलेला, शक्यतो ७५३०यू, नाहीतर इंटेलचा आय३ १२१५यू. त्यातही सहा कोअर आहेत. पैसे कमी पडत असतील तर एसएसडी २५६ची चालेल, ती पुढे बदलता येते. कंपनीचं सर्व्हिस सेंटर चिपळुणात नाहीतर निदान रत्नागिरीत आहे का, आणि वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की लॅपटॉप आपण पोचवायचा, हे दोन प्रश्न विचारून मगच कंपनी ठरव, म्हटलं. कीबोर्ड आणि पडदा तिथल्या दुकानात स्वतः हाताळून पाहा, एखादं पान टाइप कर, आणि मेमरीचं पान उघडून त्याचा फोटो मला पाठव.